वळण नव्हतंच ते

आम्हा चार-पाच जणांची महिन्यातून एकदा ऐकण्याची बैठक असते. ज्याच्या घरी बैठक त्याचा चहा, बाकीच्यांनी प्रत्येकी दोन रेकॉर्ड आणायच्या, तासभर ऐकायचं आणि दोन तास भांडायचं असा शिरस्ता. मागच्या खेपेला एकाने पॉप गायिका लेडी गागा आणि बुजुर्ग गायक टोनी बेनेट यांचा २०१४चा ‘चीक टू चीक’ लावला. हा ‘स्टँडर्ड्स’चा, म्हणजे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा गायल्या गेलेल्या जुन्या अमेरिकन गाण्यांचा अल्बम. तिसरं गाणं संपेपर्यंत खोलीत दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, “पॉपचं दुकान मंदावलं की ही मंडळी स्टँडर्ड्सच्या आसऱ्याला येतात. गाणी तयार, चाली तयार, पैसे खर्च करणारा म्हातारा श्रोता तयार. फक्त गाऊन शिवून घ्यायचा.” दुसऱ्याचं नेमकं उलटं, “आज पहिल्यांदा कळलं की बाईला गाता येतं.” मग रॉड स्टुअर्ट निघाला, रॉबी विल्यम्स निघाला, बॉब डिलन निघाला. माणसं बदलत गेली, शिक्के तेच दोन.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही मनात एक जिना धरलाय. खालच्या मजल्यावर पॉप, वरच्या मजल्यावर गर्शविन, कोल पोर्टर, अर्विंग बर्लिन ही जुनी गाणी रचणारी मंडळी. एकाला वाटतं गायिका वर जाऊन लपली, दुसऱ्याला वाटतं ती वर चढली. मुळात जिना आहे का, हे तपासायला कुणी तयार नाही. माझ्या मते तो नाही. पॉप गायकाने जुनी गाणी गाणं ही पेन्शन नाही आणि प्रमोशनही नाही. गायकाच्या रोजच्या कामातलंच ते एक काम आहे, आणि त्याचा हिशेब व्हायचा तर गाण्यागणिक व्हायला हवा. अठ्ठावीस वर्षांच्या गागाला अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बेनेटशेजारी उभं करून हे सिद्ध करता येईल. पण त्यासाठी मला तिच्याआधीची एक गायिका जास्त उपयोगाची वाटते. या वादाचं आजचं रूप जिच्यावरून घडलं आणि जिच्यापुढे दोन्ही शिक्के पुसट होतात ती लिंडा रॉनस्टॅट.

१९४६ साली अॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये जन्मलेली ही मुलगी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या सर्वांत खपणाऱ्या गायिकांपैकी एक झाली. १९७७च्या शेवटी तिच्या ‘सिंपल ड्रीम्स’ने फ्लीटवुड मॅकच्या ‘रूमर्स’ला, म्हणजे कित्येक महिने पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेल्या अल्बमला, खाली ओढलं. मोठमोठी मैदानं भरवणारी ही गायिका १९८३मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ‘व्हॉट्स न्यू’ नावाचा अल्बम घेऊन आली. त्यात नऊ गाणी, सगळी तिच्या आईवडिलांच्या जमान्यातली, बहुतेक सगळी संथ, आणि साथीला गिटार-ड्रमच्या जागी संगीत-संयोजक नेल्सन रिडलचा भरगच्च वाद्यवृंद. कव्हरवर ती जुन्या थाटाचा गाऊन घालून चकाकत्या सॅटिनवर पहुडलेली आहे, आणि सोबत वॉकमनचे हेडफोन. हे कव्हर मला फार आवडतं. थट्टा आहे, पण कुणाची ते चटकन कळत नाही.

रेकॉर्ड कंपनी राजी नव्हती. शिवाय हा पहिला प्रयत्नही नव्हता. १९८१मध्ये जेरी वेक्सलर या नामांकित निर्मात्याबरोबर अशाच गाण्यांचा एक अल्बम रेकॉर्ड होऊन बाजूला पडला होता. एकदा फसलेलं काम, कंपनीचा नकार, आणि हातात भरभरून चालणारं रॉकचं करिअर. ‘दुकान मंदावलं म्हणून आली’ हे वाक्य इथे कसं लावायचं? अल्बम पुढे चालला ही गोष्ट वेगळी. बिलबोर्डच्या खपाच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकावर पाच आठवडे अडून बसला, कारण वर मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आणि लायनल रिचीचा अल्बम हलायला तयार नव्हते. एकट्या अमेरिकेत तीस लाखांवर प्रती गेल्या. पण यश आलं म्हणून आधीचा हेतू व्यापारी ठरवणं म्हणजे पेपर सोपा होता हे निकाल लागल्यावर सांगण्यासारखं आहे.

आता मुद्द्याचं. रॉनस्टॅट ‘वळली’ असं सगळे म्हणतात. कुठून वळली? तिची गाजलेली गाणी आठवून पाहा. १९७५मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘यू आर नो गुड’ हे १९६३चं, दुसऱ्यांनी गायलेलं गाणं. ‘ब्लू बायू’ रॉय ऑर्बिसनचं, तेही १९६३चं. ‘दॅट विल बी द डे’ आणि ‘इट्स सो ईझी’ बडी हॉलीची, पन्नासच्या दशकातली. ‘व्हेन विल आय बी लव्ह्ड’ एव्हर्ली बंधूंचं, १९६०चं. स्वतः गाणी रचणारी म्हणून ती कधीच ओळखली गेली नाही. दुसऱ्याचं, बरेचदा जुनं, गाणं उचलायचं आणि ते आपल्या गळ्यात असं बसवायचं की लोक मूळ गाणं विसरावेत, हाच तिचा धंदा होता. १९७५मध्ये ती बारा वर्षं मागे गेली तेव्हा त्याला रॉक म्हणाले. १९८३मध्ये चाळीस-पन्नास वर्षं मागे गेली तेव्हा त्याला माघार म्हणाले. गाणारीचं काम तेच होतं. बदलला तो ऐकणाऱ्यांचा कॅलेंडरकडे बघण्याचा कोन.

मग हा माघारीचा वास आला कुठून? साठच्या दशकात एक नवा सोवळेपणा जन्माला आला: खरा कलावंत तो, जो स्वतःचं गाणं स्वतः लिहितो. बीटल्स १९६४च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला उतरले, इकडे डिलन होताच, आणि पाच-सहा वर्षांत हा समज नियमासारखा पक्का झाला. त्याआधी असं नव्हतं. न्यूयॉर्कच्या टिन पॅन अॅलीत, म्हणजे गाणी छापून विकणाऱ्या प्रकाशकांच्या गल्लीत, ब्रॉडवेच्या नाटकांसाठी, हॉलिवूडच्या बोलपटांसाठी एकाने शब्द लिहायचे, दुसऱ्याने चाल बांधायची, तिसऱ्याने वाद्यांचं संयोजन करायचं आणि मग पन्नास जणांनी ते गायचं, ही रीत होती. ‘स्टँडर्ड’ या शब्दाचा अर्थच पुन्हा पुन्हा गायलं गेलेलं गाणं असा आहे. एकदाच गायलेलं गाणं कितीही सुंदर असलं तरी स्टँडर्ड होत नाही. गंमत अशी की ज्या फ्रँक सिनात्राला आज या गाण्यांचा मूळ मालक मानतात, तोही जुनी गाणी गाणाराच होता. १९५२च्या सुमारास त्याची कंपनी सुटली होती, लोक त्याला संपलेला समजत होते. कॅपिटल कंपनीत आल्यावर त्याने पुढच्या काही वर्षांत जे अल्बम केले त्यांतली कितीतरी गाणी दीड-दोन दशकं जुनी होती. १९५६मध्ये त्याने अजरामर केलेलं ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ पोर्टरने १९३६मध्ये लिहिलेलं. म्हणजे दुकान मंदावलेलं, गाणी तयार, चाली तयार. मग सिनात्रालाही तोच शिक्का मारायचा का?

समोरच्या बाजूचे दोन-तीन मुद्दे मात्र वजनदार आहेत.

पहिला गळ्याचा. रॉनस्टॅटचा आवाज मोठा, चोख, घंटेसारखा. या गाण्यांना नुसता आवाज पुरत नाही. शब्द तालाच्या थोडा मागे ठेवायचा, मध्येच पुढे सरकवायचा, ओळ बोलल्यासारखी सोडायची, ही त्यांची खरी मेख. ‘लव्हर मॅन’ जॅझ गायिका बिली हॉलिडेने १९४४मध्ये गायलं ते ऐका आणि मग ‘व्हॉट्स न्यू’मधलं ऐका. हॉलिडे गाणं गातच नाही असं वाटतं, ती खिडकीशी बसून स्वतःशी बोलते. रॉनस्टॅट गुरुजींसमोर उभ्या राहिलेल्या हुशार विद्यार्थिनीसारखी गाते. सूर एकही चुकत नाही, म्हणूनच जरा कंटाळा येतो. सगळा अल्बम एकाच संथ लयीत चालतो हाही दोष खराच. पाचव्या गाण्यापर्यंत माझं लक्ष कधी कधी खिडकीबाहेर जातं. हे मी नाकारणार नाही. पण हा गाण्याचा दोष आहे, हेतूचा नाही. ‘ही अमुक गाणं नीट गात नाही’ या वाक्यावर वाद घालता येतो. ‘हिने हे गाणं गायलाच नको होतं’ यावर काय घालणार?

दुसरा मुद्दा अधिक टोचणारा. ही गाणी लिहिणारे बरेचसे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. बर्लिन तर रशियन साम्राज्यात जन्मून पाचव्या वर्षी न्यूयॉर्कला आलेला. पण त्यांत जीव ओतला, त्यांना वाकवलं, मोडलं, मोठं केलं ते मुख्यतः कृष्णवर्णीय गायकांनी आणि वादकांनी. लुई आर्मस्ट्राँग, हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड, नॅट किंग कोल. पुढे त्याच गाण्यांना ‘ग्रेट अमेरिकन साँगबुक’ असं भारदस्त नाव मिळालं, गोऱ्या पॉप गायकांनी ती गायली आणि लाखांनी खपवली. यात अन्याय नाही असं म्हणायला मी धजणार नाही. पण तो अन्याय त्या ‘साँगबुक’ या शब्दातच बसलेला आहे. पुस्तक म्हटलं की लेखक आला, आणि लेखक आला की गाणारा तळटीप झाला. खुद्द एलाच्या १९५६पासूनच्या प्रसिद्ध मालिकेत प्रत्येक अल्बमवर रचनाकाराचं नाव. आठ नावांत कृष्णवर्णीय म्हणाल तर एकटा ड्यूक एलिंग्टन. यावर उपाय काय? गाणाऱ्यांची नावं वाढवणं, की गाणारे कमी करणं? रॉनस्टॅटने १९८४च्या पुढच्या अल्बमला नाव दिलं ‘लश लाइफ’. ते गाणं बिली स्ट्रेहॉर्नचं, एलिंग्टनच्या त्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचं, आणि त्याने ते विशीच्या आसपास लिहिलेलं. ज्या लाखो रॉकप्रेमी घरांत हे नाव गेलं तिथे स्ट्रेहॉर्न त्याआधी कितीसा पोचला असेल?

या गाण्याची आणखी एक हकीगत आहे आणि ती मला सगळ्या युक्तिवादांहून मोलाची वाटते. त्यासाठी १९५८मध्ये जावं लागेल. सिनात्रा ‘ओन्ली द लोनली’ हा अल्बम करत होता. आदल्याच वर्षी त्याचा आणि अभिनेत्री अॅव्हा गार्डनरचा घटस्फोट झालेला. संयोजन नेल्सन रिडलचं. रिडलची तान्ही मुलगी नुकतीच गेली होती आणि आई मरणपंथाला होती. त्या अल्बममध्ये ‘व्हॉट्स न्यू’ आहे, ‘गेस आय विल हँग माय टीअर्स आउट टू ड्राय’ आहे, ‘गुडबाय’ आहे. ही तिन्ही गाणी पंचवीस वर्षांनी रॉनस्टॅटच्या अल्बममध्येही आहेत, आणि संयोजकही तोच, रिडल. त्याच रेकॉर्डिंगच्या वेळी सिनात्राने ‘लश लाइफ’ही गायला घेतलं होतं. गाणं विलक्षण अवघड. चाल सरळ चालतच नाही, दर वळणावर पायाखालची फरशी सरकते. सिनात्रा अडखळला, थट्टा करून त्याने वेळ मारून नेली आणि गाणं सोडून दिलं. ते त्याने अल्बममध्ये घेतलंच नाही. सव्वीस वर्षांनी रिडलने तेच गाणं पुन्हा कागदावर मांडलं, या वेळी रॉनस्टॅटसाठी. तिने ते पूर्ण गायलं. रिडलला त्या संयोजनाचं ग्रॅमी मिळालं, पण ते घ्यायला तो नव्हता. १९८५च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. दोघांचा तिसरा अल्बम त्याच्या पश्चात आला.

ऐंशीच्या आसपास रिडलच्या जातीच्या कामाला फारशी मागणी उरली नव्हती. वाद्यवृंदाचे कागद कसे लिहायचे, गाणाऱ्याने श्वास घेतला की मागे कुठलं वाद्य हळूच पुढे यायचं, ही विद्या हातात असलेला माणूस टीव्ही मालिकांचं संगीत करत होता. त्याच्याकडे रॉकची एक गायिका गेली. जाण्याआधी ती रिडलची सिनात्राबरोबरची कामगिरी ओळ न् ओळ ऐकून गेली असणार, हे गाणी ऐकताना कळतं. याला ‘माघार’ म्हणायचं असेल तर मग शिष्यत्वाला काय म्हणणार?

आपल्याकडे हा पेच नवा नाही. बालगंधर्वांची नाट्यपदं जशीच्या तशी, हरकतीला हरकत लावून गाणाऱ्यांची एक मोठी रांग होती, आणि त्यात जरा इकडेतिकडे झालं की मागच्या रांगेतून “मूळ गाण्यात असं नाही” हा आवाज ठरलेला. तो आवाज मी स्वतः एका कार्यक्रमात इतका जवळून ऐकलाय की त्या गृहस्थांच्या तोंडातल्या लवंगेचा वासही आठवतो. अशात कुमार गंधर्वांनी ती पदं घेतली आणि कार्यक्रमाला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ख्यालाचा इतका मोठा गवई नाट्यपदांकडे आला तेव्हा तो खाली उतरला म्हणायचं की वर चढला? त्या शीर्षकातल्या ‘मला उमजलेले’ या शब्दांनी प्रश्नच निकालात काढला. नक्कल नको, पण मनमानीही नको. माझ्या समजेत जे उतरलं ते एवढं, असं म्हणायला नम्रताही लागते आणि हिंमतही. गागा, रॉनस्टॅट, डिलन यांना एवढंच विचारलं पाहिजे: तुम्हाला काय उमजलं?

रॉड स्टुअर्टला हा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही. त्याने २००२ ते २०१० या काळात साँगबुकाचे पाच भाग काढले. तिसऱ्या भागाने त्याला आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं. प्रचंड खपले. मला त्यांत गाणी दिसतात, गाणारा दिसत नाही. खरवडलेल्या गळ्याचा हा माणूस तिथे स्वतःच्या गळ्यालाच इस्त्री करून आलाय. म्हणजे माझ्या मित्राचा पहिला शिक्का इथे बसतो. बसू दे. एका दुकानात भेसळ सापडली म्हणून तेलच खोटं ठरत नाही.

उलट डिलनकडे पाहा. २०१५मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने सिनात्राने गायलेल्या दहा गाण्यांचा ‘शॅडोज इन द नाइट’ काढला. ज्याने ‘स्वतःचं लिहा’ हा सोवळेपणा जगाला शिकवला तोच माणूस, आणि सिनात्रा जिथे गायचा त्याच कॅपिटलच्या स्टुडिओत. गळा पार फाटलेला. तरी प्रत्येक शब्द असा ऐकू येतो की वाद्यवृंदाच्या गालिच्याखाली इतकी वर्षं काय लपलं होतं ते कळावं. ‘आवाज संपला की स्टँडर्ड्स’ हा टोमणा इथे खरा आहे, आणि तरी निरुपयोगी आहे. आवाज संपलेल्या माणसालाही गाण्यात काही उमजू शकतं.

दुसऱ्या मित्राच्या ‘आज कळलं की बाईला गाता येतं’ या वाक्याचा मला जास्त राग येतो, कारण ते कौतुकाच्या वेषात येतं. ‘ब्लू बायू’च्या शेवटी रॉनस्टॅट ज्या उंचीवर जाऊन आवाज पातळ करत हवेत सोडते, ते करून दाखवणं ‘व्हॉट्स न्यू’मधलं ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ गाण्यापेक्षा सोपं आहे का? मग १९७७मध्ये तिला गाता येत नव्हतं आणि १९८३मध्ये येऊ लागलं हे कोणत्या कानाने ठरवलं? गाऊन आणि व्हायोलिनं बघून ठरवलं, हे खरं उत्तर.

आणि वळणच शोधायचं असेल तर १९८७ साल बघा. स्टँडर्ड्सचे तीन अल्बम तुफान खपल्यावर व्यापारी डोक्याची गायिका चौथा काढते. हिने काढला ‘कॅन्सिओनेस दे मी पाद्रे’, म्हणजे ‘माझ्या बाबांची गाणी’. स्पॅनिश भाषा, ‘मारियाची’ या मेक्सिकन वाद्यमेळाची साथ, टूसॉनच्या घरात वडिलांच्या तोंडून ऐकलेली मेक्सिकन गाणी. माझा अंदाज असा की ‘व्हॉट्स न्यू’च्या खपाने तिच्या हातात आलेली ताकद तिने इथे वापरली, कंपनीला दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणणं जड गेलं असणार. इंग्रजी नसलेल्या अल्बमांत अमेरिकेत आजवर सर्वाधिक खपलेला म्हणून तो ओळखला जातो, पण ते आधी कुणाला ठाऊक होतं? बडी हॉली, मग गर्शविन, मग बाबा. ती दर खेपेला थोडी अधिक मागे, थोडी अधिक घराकडे चालली होती. २००९नंतर ती रंगमंचावर गायली नाही. आजाराने गळ्याचे स्नायू तिचं ऐकेनासे झाले. जे गायचं ते आवाज शाबूत असताना गाऊन ठेवलं हे बरं झालं.

पुढच्या बैठकीला मी दोनच रेकॉर्ड नेल्या. १९५८ची आणि १९८३ची, आणि दोन्हींवरचं एकच गाणं लावलं. ‘व्हॉट्स न्यू’ १९३८मध्ये बॉब हॅगार्टने निव्वळ वाद्यांसाठी बांधलं, शब्द जॉनी बर्कने मागाहून लिहिले. गाणं म्हणजे रस्त्यात अचानक भेटलेल्या जुन्या प्रेमाशी केलेल्या दोन मिनिटांच्या गप्पा. काय म्हणतेस, कसं चाललंय, अजिबात बदलली नाहीस हो. समोरचं माणूस काही बोललं का ते आपल्याला ऐकूच येत नाही. मग निरोप, उगाच विचारलं म्हणून माफी, आणि अगदी शेवटी हळूच कळतं की इकडे काहीच बदललेलं नाही. आधी सिनात्रा, मग ती. पहिला शिक्का मारणारा मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “शेवटच्या ओळीत सिनात्रा लपवतो. ही सांगून टाकते. म्हणून ही फसली.” मी म्हणालो, सांगून टाकलं म्हणूनच तर ते गाणं तिचं झालं. दुसरा म्हणाला, “थांबा, ती ‘माफ कर’ कसं म्हणते ते परत ऐकू.” सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. त्या एका ओळीवरून आम्ही रात्री साडेअकरापर्यंत भांडलो.